सुरतेचे पाणी आणि रिठ्याचा फेस

सुरतेस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत दिवाळीच्या अभ्यंगस्नानापुरता उटणे व शिकेकाई यांचा मान अद्याप टिकून आहे. एरव्ही वर्षभर न्हाणीघरात शांपूची बाटलीच दिसते. त्यात गैर काही नाही. परंतु न्हाल्यानंतर ज्यांच्या टाळूस खाज सुटते, कानांमागे लाली येते, अशा नाजूक त्वचेच्या माणसांसाठी घरीच सौम्य केशधावन करता येईल काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

‘शांपू’ हा शब्द मुळात आपल्याकडचाच. चांपणे, म्हणजे अंग दाबून चोळणे, या अर्थाच्या हिंदी शब्दावरून तो इंग्रजीत गेला. १७५९ मध्ये पाटण्यास जन्मलेल्या दीन महंमद यांनी इंग्लंडात ब्रायटन येथे स्नानगृह काढून ही मालिश तेथे लोकप्रिय केली. केस धुणे हा अर्थ त्यास पुढे चिकटला.

आता पाण्याकडे वळू. सुरत शहराची तहान तापी भागवते. तथापि जेथे कूपनलिकेचे पाणी वापरावे लागते, तेथे ते बहुधा जड असते. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो. तोच केसांवर व टाळूवर चिकटून राहतो. शिवाय निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी, तिचा पी.एच. ५ च्या आसपास; साबणाचा मात्र ९ ते १०. शांपूतील कृत्रिम फेनकांचा साका होत नाही, परंतु काही फेनक त्वचेवरील स्निग्धांश फार ओढून घेतात व सुगंधी द्रव्ये काहींना सोसत नाहीत. रिठा व शिकेकाई यांत सॅपोनिन नावाचे फेनद्रव्य असते. ते जड पाण्यातही फेस देते आणि त्यांचा काढा किंचित आम्लधर्मीच असतो. सोनाराकडील दागिने आणि घरातील रेशमी वस्त्रे धुण्यास रिठा वापरतात, तो याच गुणामुळे.

साहित्य गोळा करताना गुजराती नावे ध्यानी असावीत. गांधीच्या दुकानी रिठ्यास ‘अरीठां’ व आवळ्यास ‘आमळां’ म्हणतात. तयार भुकटीपेक्षा अख्खी फळे घ्यावीत. भुकटीत भेसळ ओळखणे कठीण.

कृती अशी : रिठ्याच्या बिया काढून टाकून साली १० ग्रॅम, शिकेकाईच्या शेंगा १० ग्रॅम आणि सुका आवळा ५ ग्रॅम घ्यावा. हे सर्व अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावे. भांडे स्टीलचे असावे; लोखंडी भांड्यात आवळ्यामुळे पाणी काळे पडते. सकाळी मंद आंचेवर पंधरा मिनिटे उकळावे, निवल्यावर हाताने कुस्करावे आणि मलमलीच्या दुहेरी फडक्यातून दोनदा गाळावे. गाळणे हे यातले मुख्य काम होय, कारण उरलेली बारीक कणी नाजूक टाळूस ओरखडते. वापरताना त्यात तितकेच साधे पाणी मिसळावे. फेस थोडा येईल. कमी फेस म्हणजे कमी स्वच्छता, असे मानू नये. सुवासासाठी अत्तर, अर्क वा लिंबाचा रस घालू नये. खाण्याचा सोडा तर मुळीच नको, तो अल्कधर्मी आहे.

यात टिकाऊपणासाठी काही घातलेले नसल्याने काढा शीतकपाटात ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा. आंबूस वास आल्यास फेकून द्यावा. जंतू वाढलेले पाणी त्रासलेल्या त्वचेवर घालणे घातक.

‘नैसर्गिक ते निरुपद्रवी’ हा समज मात्र आम्हांस मान्य नाही. रिठ्याचे पाणी मासे मारण्यासही वापरले जात असे. डोळ्यांत गेल्यास ते विलक्षण झोंबते. म्हणून लहान मुलांचे डोके मागे झुकवूनच धुवावे आणि थेंब उडाल्यास डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत. तसेच प्रथम वापरण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थोडा काढा लावून, धुऊन टाकावा व दोन दिवस वाट पाहावी. लाली, पुरळ वा खाज आल्यास हा प्रयोग त्या व्यक्तीसाठी नाही, असे समजावे.

टाळूवर ओली जखम, जाड खपल्या, वाटोळे टक्कल पडलेले ठिगळ किंवा इसब असेल, तर काढ्याने काळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे. त्यांनी औषधी शांपू दिल्यास तोच वापरावा. घरचा काढा औषध नव्हे, तो निरोगी परंतु हळव्या टाळूचा साधा निर्मळ उपचार आहे. आठवड्यातून एकदा, बेताने आणि ताजा करून वापरला, तर त्याचा सौम्यपणा अनुभवास येईल.