ज्वाळांच्या आधीचा रस्ता

‘द वर्ल्ड ॲट वॉर’ ही दुसऱ्या महायुद्धावरची २६ भागांची माहितीपट मालिका ब्रिटनच्या थेम्स टेलिव्हिजनने बनवली. ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला. निर्माते जेरेमी आयझॅक्स, निवेदक लॉरेन्स ऑलिव्हिए, संगीतकार कार्ल डेव्हिस. तिची शीर्षकं एकदा पाहिली की विसरता येत नाहीत. पडदाभर ज्वाळा, त्यांतून उमटणारे माणसांचे चेहरे, आणि शेवटी मालिकेचं नाव.

या चेहऱ्यांना नावं नाहीत. एक चेहरा विरतो आणि त्याच्याच जागी दुसरा उगवतो. इथे साधा कट असता तर दोन माणसं वेगळी राहिली असती. डिझॉल्व्हमध्ये मात्र क्षणभर दोघांची सरमिसळ होते. सेनापतींइतकंच साध्या सैनिकांचं आणि घरात राहून युद्ध सोसलेल्या माणसांचं म्हणणं ऐकणाऱ्या मालिकेला हीच भाषा शोभते.

त्या काळी डिझॉल्व्ह हे धीराचं काम होतं. ब्रिटिश टीव्हीची फिल्म सेकंदाला २५ फ्रेम चाले. तीन सेकंदांच्या डिझॉल्व्हला ७५ फ्रेम लागत. संकलक वर्कप्रिंटवर, म्हणजे संकलनासाठीच्या कामचलाऊ प्रतीवर, मेणाच्या पेन्सिलीने रेघ ओढून तो कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार हे दाखवी. प्रत्यक्ष मिलाफ प्रयोगशाळेत होई. तोवर तो मनातच पाहावा लागे.

पण या शीर्षकांची खरी ताकद त्यांच्या जागेत आहे. पहिला भाग शीर्षकांनी उघडत नाही. आधी फ्रान्समधलं ओरादूर-सुर-ग्लान हे गाव दिसतं: रिकामे रस्ते, छपरं नसलेली घरं. १० जून १९४४ रोजी नाझी एसएसच्या सैनिकांनी इथे ६००हून अधिक माणसं मारली. बायका-मुलांना चर्चमध्ये कोंडून ते पेटवून दिलं. हे ओसाड गाव दाखवून झाल्यावर मग ज्वाळा आणि चेहरे येतात. एरवी शोभेची वाटली असती अशी ती आग आता कुणाच्या तरी घराची होते. पुढच्या भागांत ओरादूर आधी येत नाही, तरी पहिला भाग पाहिलेल्याला आग तशीच दिसते. शेवटच्या, २६व्या भागात मालिका पुन्हा त्या गावात जाते.

वातावरण धुरातून किंवा गंभीर सुरांतून तयार होतं, असं मानणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा. डेव्हिस यांचं संगीत थोर आहे, पण त्यातला शोक आपल्याला पटतो तो आधीच्या रस्त्यामुळे. संकलन म्हणजे कशाच्या आधी काय ठेवायचं याचा निर्णय, आणि इथे तो एका गावाच्या मरणाची जबाबदारी ओळखून घेतला आहे. आज संगणकावर ज्वाळा हव्या तेवढ्या मिळतात, डिझॉल्व्ह हाताखालीच दिसतो. म्हणून शीर्षकं जुळवायला बसणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: ही आग दिसण्याआधी प्रेक्षकाला काय ठाऊक असायला हवं?