ग्लोव्ह बॉक्सच्या मागे

एसी लावला की पहिलं मिनिटभर ओल्या पायपुसण्यासारखा वास येतो. ब्लोअर चारवर ठेवला तरी वारा दोनचाच लागतो आणि पावसाळ्यात काचेवरची वाफ जाता जात नाही. अशा वेळी पहिला संशय गॅसवर जातो. ‘गॅस भरून घ्या’ हा सल्ला तर शेजारीपाजारीही देतात. त्याआधी ग्लोव्ह बॉक्सच्या मागे डोकावून बघावं.

बऱ्याच गाड्यांत तिथे केबिन फिल्टर बसवलेला असतो. गॅरेजवाले त्याला एसी फिल्टर म्हणतात. दुकानात नुसता ‘एअर फिल्टर’ मागितला तर इंजिनाचा हातात पडतो, म्हणून एसीचा असं स्पष्ट सांगायचं, मॉडेल आणि वर्षासकट. काही जुन्या आणि स्वस्त गाड्यांत ही जागाच रिकामी असते, हेही आधी बघून ठेवलेलं बरं.

आमच्या आय-टेनमध्ये सगळ्यात वेळखाऊ काम कप्पा रिकामा करण्याचं. पीयूसीच्या जुन्या पावत्या, बडीशेपेच्या पुड्या, कधीच न लागलेला टॉर्च. ते झालं की पुढचं सगळं हातानेच होतं, पान्याची गरज नाही. गाडी बंद करायची. कप्प्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत आतून एकेक प्लास्टिकचा अडसर असतो. तो फिरवून ओढला की कप्पा पार खाली लोंबतो. मागे काळं आडवं झाकण दिसतं. त्याच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या चिमटीत दाबल्या की झाकण हातात येतं. इथे जोर लावायचा नाही. जुनं प्लास्टिक कडक होतं आणि खिट्टी तुटली की झाकण कायमचं खडखडत राहतं.

फिल्टर बाहेर ओढताना आडवाच ठेवायचा. या गाडीत हवा वरून खाली जाते, म्हणजे सगळा कचरा वरच्या अंगाला साठलेला असतो. फिल्टर तिरका झाला की हा कचरा खाली ब्लोअरच्या पंख्यात पडतो आणि टरटर सुरू होते.

मग तो वर्तमानपत्रावर ठेवून जरा निवांत बघावा. घड्यांचे माथे काजळीने काळे, आणि मधल्या खाचांत राखाडी भुकटी. समोर इमारतीचं काम चालू असेल तर ती भुकटी कुठली, हे विचारायला नको. डासांचे पंख असतात, मुंग्या असतात. आमच्याकडे सर्वांत जास्त निघतात त्या गुलमोहराच्या बारीक पानांच्या कण्या. बाहेरची हवा वायपरखालच्या जाळीतून आत येते. आंब्याचं पान त्या जाळीवरच अडतं. गुलमोहराचं, चिंचेचं सहज निसटून आत येतं. पावसात ते तिथेच भिजतं, कुजतं आणि वास सुटतो. कधी फिल्टरचा कोपरा कुरतडलेलाही सापडतो. तो उंदराचा उद्योग. मग आत बॅटरी मारून घरटं नाही ना, ते पाहायचं.

म्हणूनच ‘इतक्या हजार किलोमीटरला बदला’ हा हिशेब मला अपुरा वाटतो. झाडाखाली उभी राहणारी, आठवड्यातून दोनदा भाजीला जाणारी गाडी कमी पळूनही फिल्टर तुंबवते. गाडी किती फिरली याइतकंच ती कुठे उभी असते हे महत्त्वाचं. माझ्या मते पाऊस सरला की, दिवाळीच्या साफसफाईत, तो एकदा बाहेर काढून बघावाच.

आता आपली खास सवय: धुऊन वाळवून परत लावायची. ज्या फिल्टरवर धुता येतो असं लिहिलेलं नाही, तो धुऊ नये. हा फिल्टर म्हणजे काही पिठाची चाळण नव्हे. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो आणि पीएम 2.5 मधले कण 2.5 मायक्रॉनच्या आतले. एवढे बारीक कण भोकात अडत नाहीत, ते तंतूंवर आदळून चिकटतात. पुष्कळ फिल्टरांत त्यासाठी तंतूंना विद्युतभार दिलेला असतो. धुतल्यावर तो भार उतरतो आणि घड्यांत ओल राहिली तर बुरशी धरते. कॉम्प्रेसरची हवा मारून वरचा कचरा उडतो, तंतूंत रुतलेली धूळ तशीच राहते. कार्बनचा थर असलेला फिल्टर धूर आणि वासही धरतो, पण त्याची धरण्याची ताकद संपली हे बघून कळत नाही.

नवा बसवताना कडेवरचा बाण बघायचा. तो हवेच्या दिशेचा असतो. आमच्या गाडीत खाली. बाकीच्या गाड्यांत जुना काढतानाच त्याचा बाण पाहून ठेवा. झाकण दोन्ही बाजूंनी ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा. आणि फिल्टर आत सरकवण्याआधी त्याच्या कडेवर मार्करने तारीख लिहा. मागच्या वेळी कधी बदलला होता, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.