समोर ‘ओआरएस’, मागे साखर

२०२३ च्या उन्हाळ्यात रावेतमध्ये आमच्या शेजारच्या चार वर्षांच्या मुलाला जुलाब लागले. आई चाकणला शिफ्टवर. वडील धावत जाऊन मेडिकलमधून फळाच्या चवीचं पेय घेऊन आले. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘ओआरएस’. पोरानं आवडीनं प्यायलं, जुलाब मात्र थांबेनात. डॉक्टरांनी खोका फिरवून कोपऱ्यातली ओळ वाचायला लावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेलं हे ओआरएस नाही, असं तिथं बारीक अक्षरांत छापलेलं होतं.

त्या बापाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

खऱ्या ओआरएसमध्ये लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. हे माप चवीसाठी ठरलेलं नाही. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. साखर फार झाली की ती आतड्यातच उरते, अंगातलं पाणी उलट आतड्याकडे ओढते आणि जुलाब वाढतात. नावापुरतं ‘ओआरएस’ असलेली ती गोड पेयं आजारी लेकराला म्हणूनच घातक.

आणि ‘हे ओआरएस नाही’ ही बारीक ओळ छापली की नावात ‘ओआरएस’ वापरायची मुभा अन्नसुरक्षा प्राधिकरणानंच जुलै २०२२ मध्ये दिली होती! हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षं याविरुद्ध लढल्या. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ ला ती मुभा रद्द झाली. मागेपुढे दुसरा शब्द जोडूनही खाद्यपेयाच्या नावात ‘ओआरएस’ चालणार नाही, असं दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणानं स्पष्ट केलं.

समोरची बाजू विक्रीसाठी सजवलेली असते, हे बिस्किटालाही लागू आहे. ‘मल्टिग्रेन’ वाचलं की पुडा उलटा करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. पहिला मैदा असेल, तर नाचणी किती उरली असेल? ‘शुगर फ्री’ला मात्र ठरलेली मर्यादा आहे : १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको.

शेजारच्या वहिनी आता ओआरएसची पुडीच घरात ठेवतात, सूत्र वाचून घेतलेली. कधी नसलीच, तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.