एका अक्षराआड

इंग्रजीतला ‘एफ-वर्ड’ एका राजाज्ञेच्या आद्याक्षरांतून जन्मला, ही गोष्ट इंटरनेटवर वर्षानुवर्षे फिरते आहे. म्हणे, राजाच्या परवानगीने संभोग करणारे दारावर तशी पाटी लावत! ही निव्वळ दंतकथा. शब्द जुना, जर्मॅनिक कुळातला आहे. आद्याक्षरे जोडून शब्द घडवण्याची रीत इंग्रजीत विसाव्या शतकात रुळली. कोशकार मात्र त्याला खरोखरच बिचकत. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशात तो घेतला नाही आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो आला थेट १९७२च्या पुरवणीत.

अक्षराआड अश्लील शब्दच लपतात, हाही गैरसमजच. १६०६ साली इंग्लंडच्या संसदेने नाटकात देवाचे नाव थट्टेने घेणाऱ्याला दहा पौंड दंड ठरवला. तेव्हा खरी धास्ती होती ती देवनिंदेची. १८७८च्या ‘एच. एम. एस. पिनाफोर’ या संगीतिकेतला कप्तान आपण ‘मोठा डी’ उच्चारत नसल्याची फुशारकी मारतो. तो डी म्हणजे ‘डॅम’, आज अगदी किरकोळ वाटणारी शिवी. १९६४मध्ये फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर अभिनेता जॉन वेन ‘बिग सी’वर मात केल्याचे सांगत होता. कॅन्सरमध्ये अश्लील काय आहे? पण नाव घ्यायलाही लोक घाबरत. आणि आपल्या घरांतली ‘एम. सी.’? पाळी हा ना आजार, ना शिवी. तरी कित्येक मुलींना तिची ओळख या दोन इंग्रजी अक्षरांनीच झाली, याचे मला फार वाईट वाटते.

सगळ्यात जपून समजून घ्यावा तो ‘एन-वर्ड’. ही साधी शिवी नव्हे. कृष्णवर्णीयांना गुलाम म्हणून राबवताना, हिणवताना, त्यांच्यावर हिंसा करताना हा शब्द वापरला गेला. अमेरिकेत १९९५मध्ये ओ. जे. सिम्प्सन याच्यावरच्या खुनाच्या खटल्यात एका पोलिसाच्या तोंडी तो होता का, यावर वाद झडले आणि ‘एन-वर्ड’ हे रूप घरोघरी पोचले. हार्वर्डचे कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ रँडल केनेडी यांनी २००२मध्ये आपल्या पुस्तकाच्या नावातच तो पूर्ण छापला, तेव्हाही वाद झाला. रॅप गाण्यांत सर्रास ऐकू येतो, म्हणून आपणही म्हणायला हरकत नाही, असे शिकायला परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना वाटू शकते. हरकत आहे. ज्यांच्यावर तो शब्द लादला गेला त्यांनी आपसांत तो उच्चारणे वेगळे, इतरांनी उच्चारणे वेगळे.

अक्षर एकच असले तरी अर्थ एकच असेल असेही नाही. ‘बिग सी’ म्हणजे कॅन्सर. ‘सी-वर्ड’ म्हणजे मात्र बहुधा स्त्रीच्या गुप्तांगावरून दिलेली, इंग्रजीतल्या अतिशय जहाल शिव्यांपैकी एक. म्हणून आजारी माणसाची चौकशी करताना सरळ ‘कॅन्सर’ म्हणावे.