कर्ज मांडा, मग फेडा

कर्ज काढणे हा गुन्हा नाही. घरात आजारपण येते. पाऊस लांबतो. काम सुटते. मुलीचे लग्न ठरते. अशा वेळी गाठीला पैसा नसतो, म्हणून माणूस कोणाकडून तरी आणतो. एक कर्ज असते तोवर ते पेलते. पण एका कर्जाचा हप्ता द्यायला दुसरे कर्ज काढले, की गुंता सुरू होतो.

मग काय होते? वसुलीवाला दिसला की माणूस मागच्या दाराने निघून जातो. फोन वाजला तर उचलत नाही. आलेला कागद न वाचताच फळीवर टाकतो. रात्री झोप येत नाही. नवरा-बायकोत भांडणे होतात. पण तोंड लपवले म्हणून व्याज काही थांबत नाही. ते रविवारीही वाढते आणि सणालाही वाढते.

यावर पहिला उपाय म्हणजे वही. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. आकडे मांडायला शिकला आहात. ती विद्या इथे कामाला लावा.

१. सगळे कर्ज एका पानावर

समजा, तालुक्याच्या गावी एक कुटुंब आहे. नवरा गवंडीकाम करतो. बायको शिलाई करते. दोघांची मिळून महिन्याची कमाई २२,००० रुपये. कर्ज किती, असे विचारले तर नवरा म्हणतो, "असेल साठ-सत्तर हजार." नक्की आकडा त्याला ठाऊक नाही.

एके दिवशी बायकोने मुलीची जुनी वही घेतली. फळीवरचे सगळे कागद खाली काढले. एकेक वाचून तिने असे लिहिले :

बायकांच्या गटावर दिलेले कंपनीचे कर्ज : बाकी ३२,०००. महिन्याचा हप्ता २,४००.
पतसंस्थेत सोने तारण : बाकी २५,०००. महिन्याचे व्याज २५०.
सावकार : बाकी २०,०००. महिन्याचे व्याज १,०००.
टीव्हीचे हप्ते : बाकी ९,०००. महिन्याचा हप्ता १,५००.
किराणा दुकानाची उधारी : बाकी ६,०००. दुकानदार महिन्याला १,००० मागतो.

बेरीज झाली ९२,००० रुपये. नवरा म्हणाला, "अगं, एवढं कसं झालं?" पण खरी गोष्ट पुढेच होती. दर महिन्याला लोक मागत होते ६,१५० रुपये.

मग तिने घरखर्च लिहिला. खाणे-पिणे ८,५००. घरभाडे ३,०००. वीज आणि गॅस १,४००. मुलांची शाळा १,५००. औषधपाणी ७००. जाणे-येणे १,४००. अडीअडचणीला ५००. एकूण १७,०००. कमाई २२,०००. म्हणजे हातात राहतात ५,०००.

देणे ६,१५० आणि हातात ५,०००. महिन्याला १,१५० रुपये कमी पडतात. म्हणूनच दर महिन्याला कुठे तरी नवी उधारी होत होती. दोघेही उधळे नव्हते. हिशेबच जुळत नव्हता, आणि तो कोणी मांडला नव्हता.

तुम्हीही असेच पान लिहा. त्यात कोणाचे, किती, व्याज काय दराने आणि काय गहाण आहे, या चार गोष्टी हव्यात. तुम्ही कोणाला जामीन राहिला असाल, तर तेही लिहा.

२. घर आधी, मग वाटणी

आता हे ५,००० वाटायचे कसे? पुष्कळ लोक जो मोठ्याने ओरडतो त्याला आधी देतात. ते बरोबर नाही. खाणे, भाडे, वीज आणि औषध आधी बाजूला काढावे. घर उपाशी ठेवून हप्ता भरला, तर माणूस आजारी पडतो आणि कमाईच थांबते.

त्यानंतर तारण पाहावे. सोने गहाण असेल तर त्याचे व्याज चुकवू नये. फार थकले तर नोटीस येते आणि सोन्याचा लिलाव होतो. मग ज्याचे व्याज सर्वांत जास्त, त्याच्याकडे लक्ष द्यावे. आपल्या कुटुंबात तो सावकार आहे. शेकडा ५ रुपये दरमहा म्हणजे वर्षाला शेकडा ६० रुपये. चौदा महिने हजार-हजार देऊन १४,००० गेले आणि मुद्दल जिथल्या तिथे!

उरलेल्यांना हप्ता कमी करून मागावा. दोघांनी बसून असे ठरवले :

कंपनीला १,६००. पतसंस्थेला २५०. टीव्हीला ९००. किराणा दुकानाला ५००. सावकाराला १,७५०. बेरीज ५,०००.

ही झाली फेडीची योजना. सर्वांना थोडेथोडे मिळते, कोणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि नवे कर्ज काढावे लागत नाही. पण योजना कागदावर झाली म्हणून भागत नाही. ती देणेकऱ्यांनी मान्य करायला हवी. त्यासाठी त्यांच्याकडे आपणच जावे. त्यांनी आपल्याला शोधत यावे, अशी वेळ आणू नये.

३. सावकाराचा हिशेब

महाराष्ट्रात २०१४ सालचा सावकारी कायदा आहे. सावकाराला परवाना लागतो. परवान्यावाचून सावकारी केली, तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सावकाराने पैसे घेतल्यावर पावती दिलीच पाहिजे.

व्याजाचा दरही सावकाराच्या मर्जीवर नाही. राज्य सरकारने २०१४ साली दर ठरवून दिले. शेतकऱ्याला तारणावर दिलेल्या कर्जाला वर्षाला शेकडा ९, तारण नसेल तर १२. शेतकरी नसलेल्याला तारणावर १५, तारण नसेल तर १८. सावकाराचे व्याज कधीही मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. याला आपल्याकडे जुने नाव आहे, दामदुपट. वीस हजारावर फार तर वीस हजार व्याज, त्यापुढे एक पैसाही नाही.

बायको आधी सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांच्या कचेरीत गेली. ही कचेरी तालुक्याच्या गावी असते. तिथे तिने सावकाराचा परवाना आहे का ते पाहिले आणि चालू दर विचारून घेतला. मग ती सावकाराकडे गेली.

"शेठ, तुमचे पैसे बुडवायचे नाहीत. पण एकदा हिशेब करू या."

"हिशेब कसला, वहिनी? मुद्दल वीस हजार उभंच आहे."

"वर्षाला शेकडा अठरा, म्हणजे वीस हजारावर महिन्याला तीनशे होतात. चौदा महिन्यांचे चार हजार दोनशे. मी दिले चौदा हजार. जास्तीचे नऊ हजार आठशे मुद्दलात धरा. राहिले दहा हजार दोनशे. महिन्याला सतराशे पन्नास देईन. पावती घेईन."

"पण पाच टक्के ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं खरं. पण ते कायद्यात बसत नाही. पटत नसेल तर दोघं कचेरीत जाऊ. तिथं सांगतील तसं करू."

सावकार गप्प राहिला. मग म्हणाला, "चौदा महिने दिले कशावरून?" तिने भिंतीवरची जुनी दिनदर्शिका सोबत आणली होती. पैसे दिले त्या प्रत्येक तारखेला तिने खूण करून आकडा लिहिला होता. पुष्कळ वेळा पैसे फोनवरून पाठवले होते. त्यांची नोंद बँकेच्या पासबुकात होती. सावकाराने आपली वही काढली.

सगळेच सावकार असे ऐकत नाहीत. न ऐकले तर निबंधकांच्या कचेरीत लेखी अर्ज द्यावा. सावकारीत जमीन गेली असेल, तर तीही परत मागता येते. त्यासाठी जिल्हा निबंधकांकडे अर्ज करतात. मात्र वेळ दवडू नये.

या हिशेबाने सावकाराचे कर्ज सातव्या महिन्यात फिटते. मग ते १,७५० रुपये मोकळे होतात. ते सोने सोडवायला लावायचे. ते झाले की पुढच्या कर्जाला. अशी एकेक गाठ सुटत जाते.

४. कंपनीला अर्ज

कंपनीशी किंवा बँकेशी तोंडी बोलणे पुरे नाही. लेखी अर्ज द्यावा. तो साधा असावा, असा :

"शाखा व्यवस्थापक यांस, माझे आपल्याकडे कर्ज आहे. खाते क्रमांक अमुक. आमची महिन्याची कमाई २२,००० रुपये आहे. घरखर्च जाऊन ५,००० उरतात आणि देणी पाच आहेत. हिशेब सोबत जोडला आहे. मला कर्ज फेडायचे आहे. तरी हप्ता २,४०० ऐवजी १,६०० करून मुदत वाढवून द्यावी. एकूण व्याज किती वाढेल ते लेखी कळवावे. आपली, (सही, तारीख)."

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक द्यावी. दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि सही घ्यावी. मुदत वाढली की व्याजही वाढते, आणि तुमच्या कर्जाच्या नोंदीत ते दिसते. म्हणून गरजेपुरतीच मुदत मागावी. बँक नाहीही म्हणू शकते. तरी अर्ज द्यावा, कारण आपण टाळत नाही, याचा तो पुरावा असतो.

किराणा दुकानदाराला अर्ज नको. त्याला सांगावे, "काका, जुने पाचशे-पाचशे देतो. नवा माल रोखीने नेतो." रोखीचे गिऱ्हाईक कोणाला नको असते?

५. वसुलीवाला दारात आला तर

भिऊ नका. रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान करू नये. नातेवाइकांना त्रास देऊ नये. त्याच्याजवळ ओळखपत्र हवे, ते मागून पाहा. गटाच्या छोट्या कर्जाची वसुली ठरलेल्या जागी व्हावी. कर्जदार लागोपाठ दोनदा किंवा अधिक वेळा तिथे आला नाही, तरच घरी यायचे. दंड लावला तर थकलेल्या रकमेवरच, सगळ्या कर्जावर नाही.

हप्ता थकला एवढ्यावरून पोलीस धरून नेत नाहीत. मात्र दिलेला चेक वटला नाही तर खटला होऊ शकतो. म्हणून कोरा चेक किंवा कोरा कागद सही करून कधी देऊ नये. जप्ती करायला सहसा न्यायालयाचा हुकूम लागतो. त्या जप्तीतही अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे नेता येत नाहीत. गवंड्याची थापी आणि शिलाईचे यंत्र ही पोटाची साधने आहेत.

त्रास झाला तर आधी त्याच बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी लागत नाही. चौकशीचा फोन १४४४८. न्यायालयाचा कागद आला तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना आणि गरिबांना तिथे वकील फुकट मिळतो. फोन १५१००. लोकअदालतीत तडजोडही होते.

"पैसे द्या, तुमचे सगळे कर्ज मिटवून देतो" असे सांगत कोणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

६. वही जाळायची की वाचायची?

पुणे जिल्ह्यातील सुपे गावात १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांनी वह्या आणि खते जाळली. दंगा पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरला. लोकांचा राग कागदावर होता, कारण कागदात काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. सावकार सांगेल तो आकडा खरा. त्यानंतर १८७९ साली कायदा झाला. कर्जाचा कागद सरकारी माणसासमोर व्हावा, कर्जदाराला पावती आणि हिशेब मिळावा, असे त्यात ठरले.

आज कायदे पुष्कळ आहेत. पण कायदा आपल्या घरी चालत येत नाही. हिशेब ज्याच्या हातात असतो, त्याच्याच तो उपयोगी पडतो. त्या बाईने सावकाराशी भांडण केले नाही. तिने आकडे वाचले, एवढेच.

लक्षात ठेवा

कर्ज लपवू नका, लिहा.
घरखर्च आधी, मग वाटणी.
झेपेल तेवढेच कबूल करा. कबूल केले ते वेळेवर द्या.
पावतीवाचून पैसा देऊ नका.
कर्ज फिटले की "देणे नाही" असा दाखला घ्या. गहाण वस्तू आणि कागद परत घ्या.

अभ्यास

१. आपल्या घराची महिन्याची कमाई आणि खर्च लिहा. किती उरतात?
२. १०,००० रुपयांवर शेकडा ३ रुपये दरमहा व्याज आहे. वर्षाचे व्याज किती?
३. वर दिला आहे तसा अर्ज आपल्या वहीत लिहून पाहा.