पहिलाच फ्लॅट भाड्याने देताय? आधी करार नोंदवा

नवे घरमालक भाडं आणि डिपॉझिट यावर आठवडाभर घासाघीस करतात, पण करार मात्र एजंटवर सोडून देतात. मला याची खरंच काळजी वाटते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे आपल्याकडे चालत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजेही नोंदणी नव्हे. नोंदणी नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. नोंदणीकृत करार असेल, तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. केवढा मोठा आधार आहे हा! नोंदणी आता आधार कार्ड आणि बोटांच्या ठशांवर घरबसल्या होते.

पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवा, सोसायटीलाही प्रत द्या. घर भाड्याने दिल्यावर सोसायटी आकारते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. जास्त मागितलं तर लेखी विचारा.

हिशेब मांडताना मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंगकाम आणि घर रिकामं राहील तो महिना धरा. मगच गृहकर्जाचा हप्ता परवडतो का ते पाहा. चावी देण्याआधी प्रत्येक खोलीचे आणि वीजमीटरचे फोटो काढून दोघांच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवा.