खोली सोडताना डिपॉझिट का अडकते?

ताईंनो, लेकीच्या कॉलेजसाठी म्हणा की शिलाईच्या दुकानासाठी, वरोऱ्यात खोली किरायाने घेताना आपण डिपॉझिट देतो अन् तोंडी बोलण्यावर राहतो. सोडताना मालक म्हणतो, भिंती खराब केल्या, पैसे कापले. आता पावसाळ्यात ओल येते, ती काय आपण आणली? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे वाजवी झीज भाडेकरूच्या माथी येत नाही. काच फोडली तर मात्र भरावी लागते, तिथे भांडू नका.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ सांगते : करार लेखी हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाचीच. नोंदणी नसेल तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे धरतात. किल्ली घेतानाच भिंती, नळ, बोर्डाचे फोटो काढा. मीटरचा आकडाही.